मारबुर्गचा एक रस्ता : विद्यापीठ, सिनेगॉग आणि कॅमेरा

सुरुवातीलाच एक कबुली देतो. मी इतिहासकार नाही, छायाचित्रकार तर नाहीच नाही. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, तेही बरंचसं कांट आणि कांटनंतरचे जर्मन. तरीही आज जुन्या छायाचित्रांवर बोलायला उभा राहिलो, त्याला कारण माझ्याच कपाटात सापडलेला एक फोटो आहे. त्याच्याकडे येतोच, पण जरा वळण घेऊन.

आधी शब्दाचा प्रश्न. ‘सिनेगॉग’ला मराठीत काय म्हणायचं? पुण्यात विचाराल तर लोक सांगतील, लाल देऊळ. कॅम्पातलं ते लाल विटांचं, उंच मनोऱ्याचं प्रार्थनास्थळ, डेव्हिड ससूननी बांधवलेलं, १८६७ चं. पुणेकरांनी त्याला देऊळ म्हणून टाकलं, विषय संपला. आणि आपले बेने इस्रायली, कोकणातले शनवार तेली, ते स्वतः त्याला काय म्हणत? मशीद. मुंबईत मांडवीला त्यांचं पहिलं सिनेगॉग १७९६ मध्ये सामुएल दिवेकरांनी बांधलं, त्यालाही मशीदच म्हणत. म्हणजे आपल्या भाषेनं या वास्तूला एकदा या शेजाऱ्याचं नाव दिलं, एकदा त्या शेजाऱ्याचं. त्यातून फार मोठे निष्कर्ष काढू नका, मीही काढत नाही. ‘आपल्याकडे ज्यूंना कधी त्रास झाला नाही’ हे वाक्य आपण फार चटकन आणि फार समाधानानं म्हणतो. आज बोलायचंय ते दुसऱ्या एका गावाबद्दल. तिथेही असं समाधान काही काळ होतं.

ते गाव मारबुर्ग. जर्मनीच्या मध्यभागी, हेसेन प्रांतात, लान नदीच्या काठी. वर टेकडीवर किल्ला, उतारावर लाकडी चौकटींची जुनी घरं, खाली नदीजवळ विद्यापीठ. लँडग्राफ फिलिपनं १५२७ मध्ये हे विद्यापीठ काढलं. प्रॉटेस्टंट विद्यापीठ म्हणून काढलेलं जगातलं हे पहिलं. आता तिथली जी प्रसिद्ध इमारत सगळे बघायला जातात, ज्याला ‘जुनं विद्यापीठ’ म्हणतात, ती काही १५२७ ची नव्हे हं. तिथे आधी डॉमिनिकन साधूंचा मठ होता. तो पाडून कार्ल शेफर नावाच्या वास्तुकारानं १८७० च्या दशकात गॉथिक धर्तीची नवी इमारत उभी केली, आणि तिचं सभागृह १८९१ मध्ये पुरं झालं. जुनी दिसावी म्हणून नवी बांधलेली इमारत. मुंबई विद्यापीठाचं राजाबाई टॉवर आणि पदवीदान सभागृह साधारण त्याच दशकातलं, त्याच हौसेतलं, तेव्हा हा प्रकार तुम्हाला परका नाही.

या इमारतीजवळून जो रस्ता जातो त्याचं नाव विद्यापीठ रस्ता, उनिव्हर्सिटेट्स-श्ट्रासं. त्याच रस्त्यावर १८९७ मध्ये मारबुर्गच्या ज्यू समाजानं आपलं नवं सिनेगॉग बांधलं. दगडी, घुमटाचं, भारदस्त. त्याआधीची प्रार्थनेची जागा वर जुन्या गावातल्या गल्लीत होती, चटकन डोळ्यांत न भरणारी. गल्लीतून हमरस्त्यावर येणं, विद्यापीठाच्या शेजारी येऊन उभं राहणं, ही नुसती जागेची अदलाबदल नव्हती. जर्मनीतल्या गावोगावच्या ज्यूंनी त्या पिढीत हेच केलं. नवी सिनेगॉगं बांधली, आणि ती आडबाजूला नाही, चांगल्या रस्त्यावर. आम्ही इथलेच आहोत, हे दगडात सांगितलं. त्या काळी गावाची पोस्टकार्डं छापायची मोठी टूम होती. किल्ला, चर्च, विद्यापीठ, रेल्वे स्टेशन, आणि त्यांच्या रांगेत सिनेगॉगसुद्धा. ही पोस्टकार्डं आजही जुन्या बाजारात मिळतात. मागे कुणीतरी मावशीला खुशाली कळवलेली असते, आणि पुढे घुमट. मला ही पोस्टकार्डं कुठल्याही सरकारी दप्तरापेक्षा बोलकी वाटतात. पोस्टकार्ड छापणारा धंदा करत असतो. जे गावाचं नाही असं लोकांना वाटतं, ते तो छापत नाही.

आता माझ्या माणसाकडे येतो. हेरमान कोहेन. जन्म १८४२. तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांना ‘मारबुर्ग स्कूल’ हे नाव माहीत असतं. कांटकडे परत चला, असं म्हणणारा जो संप्रदाय, त्याचा हा मुख्य आचार्य. १८७६ मध्ये तो मारबुर्गला पूर्ण प्राध्यापक झाला. बाप्तिस्मा न घेता ज्यू राहून जर्मन विद्यापीठात तत्त्वज्ञानाची खुर्ची मिळवणारे फार थोडे, त्यांतला हा एक. पुढे छत्तीस वर्षं तो तिथेच. कासिरेर त्याच्याकडे शिकला, स्पेनचा ओर्तेगा शिकला, आणि १९१२ च्या उन्हाळ्यात मॉस्कोहून बोरिस पास्तरनाक नावाचा एक तरुण तत्त्वज्ञ व्हायला आला, आणि कवी होऊन परत गेला.

मी वर्षानुवर्षं वर्गात कोहेन शिकवला. ‘वस्तू ही दिलेली नसते, ती विचारापुढे कार्य म्हणून ठेवलेली असते’ वगैरे सगळं फळ्यावर लिहून. पण हा माणूस ज्यू होता, हे मी एकाही वर्गाला सांगितलं नाही. लपवलं नाही, सांगण्यासारखं वाटलंच नाही. तत्त्वज्ञानाला गावही नसतं आणि घरही नसतं अशी आमची एक समजूत असते. कांटचं घड्याळ तेवढं आम्ही सांगतो, लोकांना हसवायला.

तर कोहेन मारबुर्गला असताना काय घडत होतं? १८८७ मध्ये मारबुर्ग मतदारसंघातून ऑटो ब्योकेल नावाचा माणूस जर्मन संसदेवर निवडून आला. कुठल्याही मोठ्या पक्षाच्या आधाराशिवाय, निव्वळ ज्यूद्वेषाच्या कार्यक्रमावर निवडून आलेला हा पहिला खासदार. सावकारीनं पिचलेले शेतकरी, आणि त्यांच्या सगळ्या दुःखाचं एकच कारण सांगणारा पुढारी. ही मांडणी तुम्हाला कुठेही भेटेल. पण हा ब्योकेल आधी काय करत होता? विद्यापीठाच्या ग्रंथालयात नोकरी. आणि फावल्या वेळात हेसेनच्या खेड्यांतून लोकगीतं गोळा करायचा, त्यांचा संग्रहही त्यानं छापला. गुंड नव्हता तो. पुस्तकांत वावरणारा, ओव्या-गाणी जमवणारा माणूस होता. मी हे वाचलं तेव्हा थोडा वेळ पुस्तक मिटून बसलो होतो. कारण मीही ग्रंथालयात वाढलेला माणूस.

पुढच्याच वर्षी, १८८८ मध्ये, मारबुर्गच्या कोर्टात एक खटला उभा राहिला. एका शाळामास्तरानं सभेत म्हटलं होतं की मोशेची नीती ज्यूंना आपसात पाळायची असते, परक्याला लुबाडायला तालमूद परवानगी देतो. ज्यू समाजानं फिर्याद केली. कोर्टानं दोन तज्ज्ञांना मत विचारलं. एक गटिंगनचा पाउल द लागार्द, मोठा प्राच्यविद्यापंडित आणि तितकाच मोठा ज्यूद्वेष्टा. दुसरा आपला कोहेन. म्हणजे गावातला तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक आपल्याच गावच्या कोर्टापुढे, आपल्या समाजाच्या धर्मग्रंथाबद्दल.

कोहेननं जे लिहून दिलं ते ‘तालमूदमधलं शेजारप्रेम’ अशा नावानं छापलं गेलं. त्याचा युक्तिवाद मला अजूनही उभा करावासा वाटतो. तो म्हणाला, तुम्ही ‘शेजारी’ हा शब्द धरून बसलात, मी ‘परका’ हा शब्द धरतो. ज्यू धर्मशास्त्रात ‘नोआचा पुत्र’ अशी एक संकल्पना आहे. तो ज्यू नाही, मोशेचे नियम त्याच्यावर नाहीत, तो त्या देवालाही मानत नसेल. पण काही मूळ नीतिनियम पाळत असेल, तर तो देशात हक्कानं राहतो, आणि न्याय त्याला आणि ज्यूला सारखाच लागू होतो. म्हणजे धर्म वेगळा असूनही माणूस म्हणून हक्क असणारा नागरिक, ही कल्पना या परंपरेत आधीपासून आहे. कोहेनचं म्हणणं असं, की परका दिसल्यावरच माणसाला ‘माणूस’ या कल्पनेचा शोध लागला. आपल्या माणसावर प्रेम करायला नीतिशास्त्र लागत नाही. ते लागतं समोर परका उभा राहतो तेव्हा. ‘सोबतचा माणूस’, मिटमेन्श, ही त्याच्या उत्तरायुष्यातली कल्पना. त्याच्या मृत्यूनंतर १९१९ मध्ये आलेल्या धर्मावरच्या मोठ्या ग्रंथात ती फुलून आली. तिचं बी मला या कोर्टातल्या कागदात दिसतं. मास्तराला थोड्या दिवसांची कैद झाली. ब्योकेल पुन्हा निवडून आला.

आणि नऊ वर्षांनी विद्यापीठ रस्त्यावर तो घुमट उभा राहिला. हा क्रम लक्षात ठेवा. आपण १९३८ कडून मागे बघतो, म्हणून आपल्याला ती माणसं भोळी वाटतात. काय चाललंय ते त्यांना दिसत नव्हतं असं आपण धरून चालतो. पण सिनेगॉग बांधणाऱ्यांनी ब्योकेलची भाषणं ऐकलेली होती, खटला पाहिलेला होता. तरी बांधलं.

आता कॅमेऱ्याकडे. मारबुर्ग हे छायाचित्रांचं गाव आहे, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. एकोणिसाव्या शतकात लुडविग बिकेल नावाचा एक विक्षिप्त, कष्टाळू माणूस तिथे होऊन गेला. पुढे तो प्रांताचा पुरातन वास्तूंचा रक्षक झाला. जड कॅमेरा आणि काचेच्या पट्ट्या घेऊन तो गावोगाव हिंडला, आणि पडायला आलेली घरं, चर्चं, कमानी टिपत गेला. मग १९१३ मध्ये रिचर्ड हामान हा कलेतिहासाचा प्राध्यापक मारबुर्गला आला, आणि त्यानं विद्यापीठातच छायाचित्रांचा संग्रह सुरू केला. आज ‘फोटो मारबुर्ग’ म्हणून जगभरचे कलेचे अभ्यासक ज्याला ओळखतात तो हाच. विद्यापीठाला चारशे वर्षं झाली तेव्हा, १९२७ मध्ये, कलेच्या विभागांसाठी नवी इमारत झाली. संग्रह तिथे गेला. पुढे सगळं मायक्रोफिशवर आलं, आता इंटरनेटवर आहे.

वास्तूचं छायाचित्र कसं काढतात, हे जरा सांगतो, कारण त्यात माझा मुद्दा दडलेला आहे. कॅमेरा तिकाटण्यावर पक्का. भिंती वर जाताना आत झुकलेल्या दिसू नयेत म्हणून पुढचं भिंग वर सरकवायचं. सगळं जवळ-लांब स्पष्ट यावं म्हणून भिंगाचं छिद्र बारीक करायचं, आणि मग प्रकाश पुरावा म्हणून काच बराच वेळ उघडी ठेवायची. ऊन फार कडक नको, सावल्या कोरीव काम खातात. आणि या सगळ्याचा परिणाम काय? चालणारी माणसं काचेवर उमटतच नाहीत. फार तर एक धूसर पट्टा. दगड तेवढा राहतो. अभ्यासकाला तेच हवं असतं, माणूस मध्ये आला तर कमान झाकली जाते. म्हणजे शास्त्रशुद्ध छायाचित्र हे रिकाम्या जगाचं छायाचित्र असतं. माणूस नसलेलं गाव बघण्याची सवय या चित्रांनी आपल्या डोळ्याला लावली, असं मला वाटतं. मी चुकत असेन. माझे एक कलेतिहासवाले मित्र म्हणतात, तू उगाच काचेवर पाप ढकलतोस.

त्याच विभागात १९२० च्या दशकाच्या अखेरीस एक तरुण शिकवू लागला. रिचर्ड क्राउटहायमर. जन्म फ्युर्टचा, पहिल्या महायुद्धात जर्मनीकडून लढलेला, ज्यू. कलेतिहासवाल्यांनी हे नाव नक्की ऐकलं असेल. रोमच्या प्राचीन चर्चवरचं त्याचं काम म्हणजे त्या क्षेत्राचा पाया. पण त्याचं सुरुवातीचं पुस्तक कशावर आहे? मध्ययुगीन सिनेगॉगांवर, १९२७ चं. व्हर्म्स, प्राग, असल्या जुन्या सिनेगॉगांची मापं, नकाशे, छायाचित्रं गोळा करून त्यानं दाखवलं की ज्यू समाजाच्या वास्तू आणि भोवतालच्या ख्रिस्ती वास्तू एकमेकींकडून शिकत होत्या. दोन दालनांचं, मधे खांबांची रांग असलेलं सिनेगॉग, आणि मठांतली तशीच सभागृहं. शेजार हा नुसता भावनेचा विषय नाही, तो दगडात मोजता येतो, असं त्याचं काम सांगतं. व्हर्म्सचं ते सिनेगॉग १९३८ मध्ये जाळलं, आणि १९६१ मध्ये जुने दगड जमतील तसे वापरून पुन्हा बांधलं. अशा वेळी आधी कुणी मापं घेतली होती, कुणी फोटो काढले होते, याला काय किंमत येते ते वेगळं सांगायला नको.

इथे एक फाटा फोडतो, कारण हा माणूस भारतात तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. रुडॉल्फ ओटो. ‘पवित्र’ या कल्पनेवरचं त्याचं पुस्तक १९१७ चं, आणि त्याच वर्षी तो मारबुर्गला धर्मशास्त्राचा प्राध्यापक झाला. शंकराचार्य आणि एकहार्ट यांची तुलना करणारा हाच. दोनदा भारतात येऊन गेला, गीतेवर लिहिलं. आम्हाला तो फार जवळचा वाटायचा. पण ‘पवित्र’ची ती कल्पना त्याला पहिल्यांदा लख्ख जाणवली कुठे? १९११ मध्ये, मोरोक्कोतल्या मोगाडोर गावी, एका साध्या, अंधाऱ्या सिनेगॉगमध्ये. शब्बाथचा दिवस होता. यशया संदेष्ट्याच्या ग्रंथातला ‘पवित्र, पवित्र, पवित्र’ हा तिहेरी उच्चार हिब्रूत सुरू झाला, आणि ओटोच्या अंगावर काटा आला. त्यानं स्वतः लिहून ठेवलंय. आता मला सुचतं ते एवढंच, की तेच तीन शब्द विद्यापीठ रस्त्यावरच्या सिनेगॉगातही दर शनिवारी म्हटले जात होते, त्याच्या वर्गापासून चालत जाण्याच्या अंतरावर. तो तिथे कधी गेला की नाही याबद्दल मी काही म्हणत नाही. मोगाडोर लांब होतं, म्हणून बहुधा अधिक नीट ऐकू आलं. ओटो मार्च १९३७ मध्ये वारला.

कोहेनचं निवृत्तीनंतर काय झालं तेही सांगायला हवं. १९१२ मध्ये, सत्तराव्या वर्षी, तो मारबुर्ग सोडून बर्लिनला गेला. आपल्या जागी कासिरेर यावा ही त्याची इच्छा. विद्यापीठानं तत्त्वज्ञानाच्या त्या खुर्चीवर आणला एरिख येन्श, एक प्रयोगवादी मानसशास्त्रज्ञ. तो पुढे कट्टर नाझी झाला. कोहेनला हा घाव लागला होता. तरीही १९१५ मध्ये, युद्ध पेटलेलं असताना, त्यानं ‘जर्मनपण आणि ज्यूपण’ नावाचं लिखाण केलं, आणि दोन्हींचा गाभा एकच आहे असं हिरीरीनं मांडलं. ते आज वाचवत नाही, खरंच सांगतो. तर्क पक्का आहे, पण त्या तर्काला पायाखाली जमीन नाही. एप्रिल १९१८ मध्ये तो गेला. त्याची पत्नी मार्टा, सिनेगॉगांतलं संगीत रचणाऱ्या लेवांडोव्स्कीची मुलगी, हिनंच त्याचा शेवटचा ग्रंथ छपाईपर्यंत नेला. १९४२ मध्ये तिला तेरेझिनच्या छावणीत पाठवलं. वय ब्याऐंशी. काही दिवसांतच ती तिथे वारली.

१९३३ वर फार वेळ घालवत नाही, तुम्हाला माहीत आहे. फक्त मारबुर्गपुरतं. हेरमान याकोबसोन, भाषाशास्त्राचा प्राध्यापक, इंडो-युरोपीय भाषांचा अभ्यासक. एप्रिलमध्ये त्याला कामावरून दूर केलं, आणि दोनच दिवसांत, २७ एप्रिलला, त्यानं आगगाडीखाली जीव दिला. क्राउटहायमर देश सोडून गेला, इटलीत आणि मग अमेरिकेत. रोमान्स भाषांचा प्राध्यापक एरिख आउअरबाख युद्धात लढलेला म्हणून दोन वर्षं टिकला, मग इस्तंबूलला गेला, आणि तिथे पुस्तकांची वानवा असताना त्यानं ‘मिमेसिस’ लिहिलं. ज्या विद्यापीठानं यांना घडवलं त्याच विद्यापीठानं यांना कागदोपत्री, शिक्कामोर्तब करून बाहेर काढलं.

९ नोव्हेंबर १९३८ च्या रात्री एसएच्या माणसांनी सिनेगॉगला आग लावली. उरलेल्या भिंती मग सुरुंग लावून पाडल्या, आणि खर्च ज्यू समाजाच्या माथी मारला. एक्केचाळीस वर्षं तो घुमट त्या रस्त्यावर होता.

आणि कॅमेरा? १९४० मध्ये जर्मन सैन्य फ्रान्समध्ये शिरलं, तेव्हा पाठोपाठ मारबुर्गचे छायाचित्रकारही गेले आणि फ्रान्समधल्या कॅथेड्रलांची, शिल्पांची हजारो छायाचित्रं काढून आले. उत्तम छायाचित्रं आहेत ती. आजही वापरली जातात, मीही स्लाइडवर दाखवलीत. हामान नाझी नव्हता, हेही सांगितलं पाहिजे. मला इथे कुणाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचं नाही. एवढंच म्हणतो की दुसऱ्या देशातल्या दगडावर इतकं प्रेम करणाऱ्या विद्येला आपल्याच रस्त्यावर काय जळलं, त्याच्याबद्दल काही म्हणता आलं नाही.

त्या रात्रींचं एक छायाचित्र मात्र मी विसरू शकत नाही. ते मारबुर्गचं नाही. त्याच हेसेनमध्ये, डार्मश्टाटजवळ, ओबर-रामश्टाट नावाचं छोटं गाव आहे. तिथलं सिनेगॉग जळतंय, आणि अग्निशामक दलाचे लोक हजर आहेत. पाण्याचा फवारा चाललाय शेजारच्या घरावर, ते पेटू नये म्हणून. एका स्थानिक तरुणानं हे टिपलं. पोलिसांनी घरी येऊन फोटो आणि निगेटिव्ह जप्त केले, आणि नगरपालिकेच्या इमारतीत ठेवून दिले. नष्ट केले नाहीत, ठेवून दिले! म्हणून आज ते आपल्याकडे आहेत. हा तिकाटण्यावरचा शास्त्रशुद्ध फोटो नाही. यात माणसं आहेत, आणि ती काय करताहेत ते दिसतंय. आग विझवता येत होती, साधनं होती, माणसं तरबेज होती. फवाऱ्याची दिशा तेवढी बघा.

याच डार्मश्टाटच्या तंत्रविद्यापीठात १९९० च्या दशकात वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी एक काम हाती घेतलं. निमित्त झालं १९९४ मध्ये ल्युबेकच्या सिनेगॉगवर झालेल्या जाळपोळीचं. पन्नास वर्षांनी पुन्हा सिनेगॉग पेटवलं, आपण काय करणार? आपल्याला नकाशे वाचता येतात, संगणक येतो. म्हणून त्यांनी जळालेली सिनेगॉगं जुन्या नकाशांवरून आणि छायाचित्रांवरून संगणकात उभी करायला घेतली. फ्रँकफर्टपासून सुरुवात केली. इथे एक गंमतशीर, खरं तर गंमतशीर नाही, अडचण आली. छायाचित्रं काळी-पांढरी. भिंती कुठल्या रंगाच्या होत्या? छताला निळा होता की हिरवा? काच काही सांगत नाही. मग लहानपणी तिथे प्रार्थनेला गेलेल्या, आता म्हाताऱ्या झालेल्या, देशोदेशी विखुरलेल्या माणसांना विचारायचं. रंग आठवणीतून, रेषा छायाचित्रातून. आणि आठवणी एकमेकींशी जुळायच्याच असं नाही. ज्ञानमीमांसा शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला चाळीस वर्षांत मिळालं नव्हतं. पुरावा काय पुरवतो आणि साक्ष काय पुरवते, हे विसाव्या वर्षीची पोरं संगणकासमोर बसून ठरवत होती.

आता माझा फोटो. १९९८ मध्ये एका परिषदेच्या निमित्तानं जर्मनीत होतो. दोन दिवस मोकळे होते, म्हणून खास कोहेनचं गाव बघायला मारबुर्गला गेलो. रिळाचा कॅमेरा, छत्तीसातले बरेच फोटो आधीच संपलेले. विद्यापीठाची इमारत पाहिली, विद्यापीठ रस्त्यावरून चालत निघालो. दुपार झाली होती, एक मोकळी हिरवळ दिसली. कडेला बसून बरोबरचे पाव खाल्ले. तिथे एक दगड होता, त्यावर काही कोरलेलं. असेल कुणाचं स्मारक म्हणून मी वाचलं नाही. जर्मन येतं मला, वाचता आलं असतं. मग उठलो, हिरवळीच्या कडेनं रस्त्याचा एक फोटो काढला. मागे लिहिलं, ‘कोहेनचा रस्ता’.

तो फोटो परवा-परवापर्यंत तसाच पडून होता. तीनेक वर्षांपूर्वी घर आवरताना हाती आला, आणि तेव्हा मी सिनेगॉगबद्दल वाचत होतो. नकाशा काढून ताडून बघितलं. मी ज्या गवतावर बसून जेवलो ती सिनेगॉगची जागा. फोटोत खालच्या डाव्या कोपऱ्यात त्या गवताचा एक तुकडा आलाय. बाकी सगळा फोटो रस्त्याचा.

विद्वानांत एक जुना वाद आहे. गेर्शोम शोलेम म्हणाला, जर्मन-ज्यू संवाद म्हणता तो कधी झालाच नाही, ज्यू एकटेच बोलत होते. कोहेनवर त्याचा रोख होताच. मी पूर्वी शोलेमच्या बाजूचा होतो. आता नक्की तसा नाही. ज्या गावात पोस्टकार्डावर घुमट छापून विकता येत होता, तिथे काहीतरी होतं. अपुरं, कच्चं, पण होतं. ते पुढे मोडलं म्हणून आधीही नव्हतंच, असा निष्कर्ष तर्कात बसत नाही. उलट, ते होतं म्हणूनच ते मोडणाऱ्यांवर जबाबदारी येते. नसलेली गोष्ट कुणी मोडत नाही. कोहेनची चूक मला दुसरीकडे दिसते. त्यानं ‘परका’ ही कल्पना इतकी स्वच्छ मांडली, आणि मग स्वतः परका नाहीच हे सिद्ध करण्यात शेवटची वर्षं घालवली. १८८८ चा कोहेन १९१५ च्या कोहेनपेक्षा मला मोठा वाटतो.

अलिबागच्या इस्रायल आळीत मी गेल्या वर्षी गेलो होतो. तिथलं सिनेगॉग उभं आहे, छान राखलंय. माणसं मात्र बहुतेक इस्रायलला गेली, १९४८ नंतर, आपल्या मर्जीनं. तिथल्या एका आजोबांना म्हटलं, जुने फोटो आहेत का? ते म्हणाले, लग्नाचे आहेत, इमारतीचे नाहीत. इमारतीचा फोटो कोण काढतो, ती तर आहेच की.

मारबुर्गात त्या हिरवळीवर आता स्मृतीची बाग आहे, २०१२ पासून. बागेच्या जमिनीत काचेची झाकणं असलेल्या पेट्या पुरल्यात, रात्री त्या आतून उजळतात. त्यांत कागद ठेवतात, गावातल्या लोकांनी लिहिलेले, आणि ते अधूनमधून बदलतात. ज्यू समाजही तिथे पुन्हा उभा राहिलाय, त्यांचं नवं सिनेगॉग २००५ मध्ये दुसऱ्या रस्त्यावर सुरू झालं. वर जुन्या गावात खोदकामात मध्ययुगीन सिनेगॉगचे अवशेषही सापडले, त्यावर काचेचं घर बांधलंय. मी हे सगळं छायाचित्रांतच पाहिलंय, पुन्हा जाणं काही झालं नाही. गुडघे आता विमानाला तयार नाहीत.

फोटोच्या मागचं ‘कोहेनचा रस्ता’ मी खोडलं नाही. त्याच्याखाली कोपऱ्याकडे बाण काढून तारीख लिहिली आहे. हा फोटो मागच्या रांगेपर्यंत फिरवा, जरा जपून, एकच प्रत आहे. प्रश्न असतील तर तेवढ्यात घेऊ.